नदीकडच्या ट्रेमधलं खापर

खापर एक कमी भरलं, तेव्हा रुपाली दरंदले यांनी दाराला आतून कडी लावली.

ही नगरमधल्या एका खासगी वस्तुसंग्रहालयाची मागची खोली. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलं आहे, बोलण्यात मात्र अजून नगरच आहे. पुढच्या दालनात काचेमागे मूर्ती, नाणी आणि तलवारी मांडल्या आहेत. लोक तेवढं पाहून जातात. जे मांडलेलं नाही ते या खोलीत, लोखंडी मांडण्यांवर ट्रेमध्ये आहे: फुटक्या भांड्यांची खापरं, जळलेली हाडं, गारगोटीची पाती. बहुतेक माल प्रवरेच्या काठावरच्या एका पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, चाळीसएक वर्षांपूर्वीच्या उत्खननात निघालेला. दरंदले या साठ्याच्या राखणदार आहेत आणि पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षिकाही. त्यांचे विद्यार्थी खापरं हातात घेऊन शिकतात.

त्या दुपारी वर्गात दोन पाहुणे बसले होते. एक, संस्थेचे सचिव आबासाहेब. त्यांना ही खोली हवी होती. इथे पडदा लावून शाळांच्या सहलींना फिल्म दाखवायची आणि ट्रे श्रीगोंद्याकडच्या एका गोदामात हलवायचे, असा त्यांचा बेत होता. गोदामात साखरेची रिकामी पोती होती, वीज नव्हती. तिथे कुठलाही वर्ग भरणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरे पाहुणे सुहास सर, पुण्याहून आलेले निवृत्त प्राध्यापक, शिक्षणात दरंदलेंहून थोडे वरिष्ठ. विश्वस्तांनी त्यांना सांगितलं होतं, वर्ग पाहा, साठा पाहा आणि हा पसारा ठेवण्यासारखा आहे की नाही ते सांगा. विश्वस्त त्यांचा शब्द मानणार होते.

वर्ग सुरू होताना दरंदले पाहुण्यांना म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे दार उघडण्याआधी प्रत्येक ट्रे मोजला जातो. इतक्या वर्षांत तुकडा गेलेला नाही."

आणि आता नदीकडच्या चराचा, म्हणजे उत्खननात नदीच्या बाजूला खणलेल्या खड्ड्याचा, ट्रे एकाने कमी होता.

"परत मोजा," त्या म्हणाल्या.

परत मोजलं. कमीच.

"काय झालं मॅडम?" आबासाहेब खुर्चीतूनच म्हणाले. "गेलं का काही?"

"मोजणीत चूक असेल."

"मघाशी तर म्हणालात, चुकत नाही."

कुणी हसलं नाही. टेबलाखाली, मांडण्यांच्या फटीत, पंख्याच्या मागे पाहून झालं. रविराज हा श्रीगोंद्याहून येणारा विद्यार्थी दाराकडे पाहत होता.

"मॅडम, माझी गाडी हाय पाचाची. ती गेली की मंग थेट रातच्यालाच."

"मग शोधायला लाग."

"शोधतोयच की. पर मी काय त्या टेबलावर हुतो का? मी हाडांवर हुतो."

आबासाहेबांनी घसा साफ केला. "पोरांच्या पिशव्या बघून घ्या. वेळ कशाला घालवायचा?"

खोलीत कुजबुज झाली. धनश्री नावाची विद्यार्थिनी, जी टेबलाच्या टोकाला उभी होती, तिने मान खाली घातली. रविराजनं मात्र सॅक उचलून टेबलावर उलटी केली. चार्जर, वही, कंगवा, फडक्यात बांधलेला डबा.

"घ्या, बघा साहेब. खापर न्हाई, भाकर हाय."

"उचल ते," दरंदले म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "या खोलीत कुणाची झडती होणार नाही. तुकडा या खोलीतच आहे. मिळेल."

तो मिळेल याची त्यांना खात्री नव्हती.

दरंदलेंचं माहेर घोडेगावजवळची वस्ती. वडील गहिनीनाथ शेती करायचे आणि आठवड्याच्या जनावरांच्या बाजारात बैल पारखून द्यायचे. त्यांच्या रानाची एक बाजू पांढरीला लागून होती. नांगर फिरला की रंगीत खापरं वर यायची. घरातल्या बायका ती आंघोळीच्या दगडाजवळ ठेवायच्या, टाचा घासायला. रुपाली पुण्याला पुरातत्त्व शिकायला निघाली तेव्हा आई आक्काबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "खापरानं टाचा घासायच्या असत्यात. ह्यांनी आता त्याची परीक्षा काढली." पुढे लेकीला नोकरी लागली तरी ती वाक्य बदलायला तयार नव्हती. सावेडीतल्या फ्लॅटवर राहायला आली की विचारायची, "आज किती फुटकी भांडी मोजली गं?"

संग्रहालयात लागल्यावर दरंदलेंना साठ्याची यादी करायचं काम मिळालं. शिकवणं ठरलेलं नव्हतं. जवळच्या एका महाविद्यालयाच्या तोंडी परीक्षेला त्यांना बोलावलं होतं आणि तिथे चांगले गुण मिळवणाऱ्या मुलानं कौलाच्या तुकड्याला तीन हजार वर्षांपूर्वीचं खापर ठरवलं. त्याने पुस्तकातली सगळी चित्रं पाठ केली होती. खापर हातात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं होतं. दरंदलेंनी परीक्षेनंतर त्या वर्गाला संग्रहालयात बोलावलं आणि मागची खोली उघडली.

त्यांची शिकवायची रीत साधी आहे. कापडी पिशवीत पाच-सहा खापरं टाकायची. विद्यार्थ्यानं डोळे मिटून हात आत घालायचा, एक तुकडा धरायचा आणि न बघता सांगायचं: काठ आहे की पोट, जाड की पातळ, चाकावरचं की हातानं थापलेलं. "अंगठा आतल्या बाजूनं फिरवा," त्या सांगतात. "चाकावर फिरलेल्या भांड्याच्या आत बारीक रेघा असतात. डोळ्याला दिसायच्या आधी अंगठ्याला लागतात." मग तुकडा बाहेर काढून नखानं टिचकी मारायची. चांगलं भाजलेलं जोर्वे खापर, म्हणजे प्रवरेकाठच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांमधलं, खणखणीत वाजतं, कच्चं भाजलेलं दबकं. त्यांच्याकडे शिकलेली मुलं आज उत्खननांवर आहेत, आणि ती खापर हातात घेतलं की आधी अंगठा आत फिरवतात. त्यावरून ती कुणाची विद्यार्थी ते ओळखू येतं, असं सुहास सर एकदा म्हणाले होते.

ही रीत त्या बारा-तेरा वर्षं चालवत होत्या. गोदाम झालं तर ती संपणार होती.

शोधाशोध थांबली होती. सुहास सर उठून टेबलाभोवती फिरत होते. पूर्वेकडच्या चराच्या ट्रेजवळ वाळूची परात होती. जुळणारे तुकडे वाळूत उभे खोचून ठेवतात, म्हणजे न चिकटवता एकमेकांना टेकून राहतात. परातीत एक मोठं खापर उभं होतं. सरांनी वाकून पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा वाकले.

"रुपाली, इकडे ये."

ते खापर एक नव्हतं. दोन होती. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाची चौकटींची नक्षी होती आणि एक रेघ एका तुकड्यातून दुसऱ्यात अखंड गेली होती. सांधा इतका घट्ट बसला होता की वरून दिसतही नव्हता.

"हे कुणी लावलं?" दरंदलेंनी विचारलं.

"मी, मॅडम," धनश्री म्हणाली.

"दुसरा तुकडा कुठून घेतलास?"

"नदीकडच्या ट्रेमधून. रेघ सारखी वाटली म्हणून नुसता लावून पाहिला, तर बसला. मग तुमचं आठवलं, दुसऱ्या ट्रेला हात लावायचा नाही. काढायला गेले तर तुम्ही मोजायला लागलात." तिचा चेहरा लाल झाला होता. "सॉरी मॅडम. हे पिशव्यांचं सुरू झालं ना, मग तर बोलायचीच भीती वाटली."

"लई झालं राव," रविराज पुटपुटला. "गाडी गेली माझी एका नक्षीपायी."

दरंदलेंनी कडी काढली. रविराज बाहेर पळाला. बाकीचे रेंगाळले, कारण सुहास सर खाली बसले होते आणि परातीकडे पाहत होते.

"कळतंय का तुला हे काय आहे?" ते म्हणाले. "पूर्वेकडच्या चरातला हा थर अहवालात आधीचा धरलाय. नदीकडचा नंतरचा, दोन-तीनशे वर्षांनी. आणि इथे एकाच भांड्याचे दोन तुकडे दोन्हीकडे निघालेत. म्हणजे दोन्हीकडची वस्ती एका वेळची. टेकाडाचा सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागेल."

आबासाहेब जवळ आले. त्यांना थर कळत नव्हते, सरांचा आवाज कळत होता. "म्हणजे शोध लागला म्हणायचा?"

"असंच दिसतंय."

"पेपरात देण्यासारखा?"

"मासिकात तर नक्कीच."

आबासाहेबांनी खोलीकडे एकदा नजर फिरवली. मघाची नव्हे, निराळी. "मग हे गोदामाचं जरा बघू या. याचं दालन करू, उद्घाटनाला कुणाला तरी बोलावता येईल. विद्यार्थिनीनं शोध लावला, आमच्या साठ्यात. चांगलं वाटतं ऐकायला." ते सरांकडे वळले. "चला सर, पुढे चहा सांगितलाय. मॅडम, तुम्ही ते नीट करून घेऊन या. फोटो काढू."

"क्रमांक तपासून आण," सर जाता जाता म्हणाले.

मुलं गेली. धनश्री मागे राहिली. दरंदलेंनी वाळूतून दोन्ही तुकडे काढले, वेगळे केले आणि पालथे घातले.

उत्खननात निघालेल्या प्रत्येक खापरावर शाईनं क्रमांक लिहितात: चर, थर, तुकडा. बाहेरून नक्षी असते म्हणून तो आतल्या बाजूला लिहितात. आता त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात देतात. चाळीस वर्षांपूर्वी देत नसत.

पूर्वेकडच्या तुकड्यावर क्रमांक स्वच्छ होता. नदीकडच्या ट्रेमधल्या तुकड्याच्या आत काहीच नव्हतं.

दरंदलेंनी तो खिडकीशी नेला, तिरपा केला, भिंग लावलं. शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. जिथे क्रमांक असायला हवा तिथे पृष्ठभाग गुळगुळीत झाला होता, बोटभर जागेत, थोडा चमकतही होता. बारीक रेघांच्या ऐन मध्यावर. अंगठा टेकतो तिथे.

त्यांनी ट्रेमधली बाकीची खापरं एकेक करून उलटी करायला सुरुवात केली. काहींवर क्रमांक होता. काहींवर अर्धा. बऱ्याच तुकड्यांवर नव्हताच. हा वर्गाचा ट्रे होता, पिशवीत बहुतेक याच ट्रेमधले तुकडे पडत. पुसट झालेले क्रमांक दरंदले दर उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा लिहून काढत. पण पुसट होणं आणि जाणं यात किती वर्षं गेली, हे त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. पिशवीतले तुकडे परत ठेवताना ज्याचा क्रमांक दिसत नाही तो नदीकडच्या ट्रेमध्ये जाई, कारण वर्गाचा ट्रे तो. आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत पिशवीत पूर्वेकडच्या चरातले तुकडेही असत.

म्हणजे हे खापर नदीकाठी निघालेलं असू शकत होतं. किंवा ते मुळात पूर्वेकडच्याच चरातलं, जोडीच्या तुकड्याशेजारीच निघालेलं, आणि दहा वर्षांपूर्वी पिशवीतून चुकीच्या ट्रेमध्ये गेलेलं असू शकत होतं. पहिलं खरं असेल तर तो शोध होता. दुसरं खरं असेल तर ती त्यांच्या वर्गाची चूक होती. कोणतं खरं, हे सांगणारी एकच गोष्ट होती, आणि ती मुलांच्या अंगठ्यांनी पुसली होती. अंगठा फिरवायला त्यांनीच शिकवलं होतं.

धनश्री हे सगळं पाहत होती. तिला समजायला वेळ लागला नाही.

"मॅडम, ट्रेवर चर लिहिलाय ना," ती म्हणाली. "तुम्ही पुसट क्रमांक लिहिताच की ट्रेवरून."

"पुसट असतो तो लिहिते."

"हा पण असेलच ना नदीकडचाच. बहुतेक तर असेलच." ती शाईची बाटली ठेवलेल्या कपाटाकडे पाहत होती. "नाहीतर ते खोली घेतील. मघाशी तुम्ही ऐकलंत ना कसे बोलत होते? आता कुठे बदललेत."

"ऐकलं."

"कुणाला कळणार आहे?"

दरंदलेंनी कपाटाकडे पाहिलं. बाटली तिथेच होती, निबही. लिहायला दोन मिनिटं लागली असती, सुकायला पाच. सुहास सरांनी तुकडा उलटा केला असता, क्रमांक पाहिला असता आणि समाधानानं मान हलवली असती. पुढे त्यावर लेख आला असता, टेकाडाचा काळ बदलला असता, आणि मागून येणारी मुलं तो नवा काळ पाठ करून परीक्षेला बसली असती.

पुढच्या दालनातून आबासाहेबांचा आवाज आला, "मॅडम, येताय ना? फोटोवाला आलाय."

त्यांनी दोन्ही तुकडे एका ताटलीत ठेवले, आतली बाजू वर करून, आणि पुढे गेल्या. धनश्री मागोमाग गेली.

फोटोवाल्यानं कॅमेरा सरसावला. दरंदले त्याला म्हणाल्या, "जरा थांबा." मग सरांसमोर ताटली ठेवली. "सर, याच्यावर क्रमांक नाही."

सरांनी तुकडा घेतला. त्यांचा अंगठा सवयीनं आत गेला आणि गुळगुळीत जागेवर थांबला. त्यांनी दरंदलेंकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"माहीत नाही. ट्रेमधल्या बऱ्याच तुकड्यांचे गेलेत. हा मूळचा त्या ट्रेमधला आहे असं मला सांगता येणार नाही. पूर्वेकडचा असण्याची शक्यता तेवढीच आहे."

"गेले म्हणजे? धुतले कुणी?" आबासाहेबांनी विचारलं.

"नाही. वर्गात हाताळून पुसले. मी शिकवते तशा हाताळण्यानं."

 फोटोवाला कॅमेरा खाली करून भिंतीला टेकला.

"म्हणजे," आबासाहेब हळूहळू म्हणाले, "शोध नाही."

"आहे की नाही ते सांगता येत नाही."

"ते एकच झालं, मॅडम." त्यांनी कप खाली ठेवला. "मी म्हणत होतो माल पडून आहे, वाया चाललाय. तुम्ही म्हणत होता वापरात आहे. वापरानंच वाया गेला, असं तुम्हीच सांगताय. मग माझं चुकलं कुठे?"

 

सुहास सरांनी तुकडा ताटलीत ठेवला. "आबासाहेब, माझं मत मागितलंय तर सांगतो. साठा इथून हलवू नका. गोदामात ठेवलात तर उरलेले क्रमांक ओलीनं जातील. पण क्रमांक असलेलं एकही खापर यापुढे मुलांच्या हातात द्यायचं नाही. बंद पेट्यांत ठेवा, संशोधकाला लेखी परवानगीनं द्या."

"आणि क्रमांक नसलेली?"

"त्यांची कुळकथा गेली. त्यांच्यावर काही सिद्ध करता येत नाही. ती शिकवायला ठेवा."

आबासाहेबांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हणजे खोलीही मिळणार नाही आणि बातमीही नाही." ते हसले, पण हसणं मनापासूनचं नव्हतं. फोटोवाल्याला त्यांनी हातानंच जायला सांगितलं.

विश्वस्तांनी पुढच्या बैठकीत सरांचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं. वर्गाला खापरं उरली ती फक्त बिनक्रमांकाची. क्रमांक असलेले तुकडे पाहायचे तर पेटीवरच्या छायाचित्रावरून. पूर्वेकडचा ट्रे, जो दरंदलेंनी पुढच्या वर्षासाठी काढून ठेवला होता, वर्गात परत येणार नव्हता.

वेगळं करायचं काम त्यांनी स्वतः घेतलं. धनश्रीला बोलावलं नव्हतं, ती आली. दोघी समोरासमोर बसल्या. तुकडा उलटा करायचा, भिंगातून पाहायचं, क्रमांक असेल तर डावीकडच्या पेटीत, नसेल तर उजवीकडच्या ट्रेमध्ये. अर्धवट क्रमांक असेल तर दरंदले तो बराच वेळ पाहत. वाचता आला नाही तर उजवीकडे ठेवत. उजवीकडचा ढीग त्यांना वाटलं होतं त्याहून मोठा होत होता.

"त्या दिवशी मी ते लावलं नसतं तर?" धनश्रीनं विचारलं.

"तर क्रमांक पुसत राहिले असते. आणखी काही वर्षं."

"पण वर्ग तरी चालला असता."

"चालला असता."

आक्काबाईंना हे सगळं फोनवर कळलं होतं. त्यांनी विचारलं होतं, "मंग आता तुला काढतेत का काय?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या होत्या, "मंग रडायला काय झालं? जा, मोज." दरंदले रडत नव्हत्या, पण आईला ते सांगून उपयोग नव्हता.

ती जोडी शेवटी राहिली. दोन्ही तुकडे वाळूत पुन्हा उभे केलेले होते, कारण सरांना त्यांचा फोटो हवा होता, मासिकातल्या छोट्या टिपेत छापायला. टिपेत ते एवढंच लिहिणार होते की दोन तुकडे जुळतात, एकाचं ठिकाण अज्ञात.

"ही दोन्ही एकाच बाजूला ठेवू या ना मॅडम," धनश्री म्हणाली. "बसतात की एकमेकांत. भांडं तर एकच आहे."

"भांडं एकच आहे. पण एकाचा पत्ता आहे, दुसऱ्याचा नाही. पत्ता नसलेलं त्या पेटीत ठेवलं, तर उद्या कुणीतरी पेटीवरचा पत्ता त्याला लावेल."

"आणि पत्ता असलेलं इकडे घेतलं तर?"

"तर त्याचाही पत्ता जाईल. तुमच्या अंगठ्याखाली."

धनश्रीनं हात मागे घेतला. दरंदलेंनी दोन्ही बाजूंनी हलके धरून तुकडे ओढले. सांधा घट्ट बसलेला होता, थोडं हलवून सैल करावा लागला. भाजलेल्या मातीवर माती घासल्याचा आवाज झाला आणि कडेची थोडी भुकटी वाळूत सांडली. त्यांनी क्रमांकाचा तुकडा कागदात गुंडाळून पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि दुसरा तुकडा धनश्रीच्या हातात दिला.

"हा ट्रेमध्ये ठेव."